चावलं तरी चालेल

१

माझं काम काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला रिकाम्या डोक्याचे उद्योग वाटतील. पूर्णा गावातल्या एका गोदामात मी सेफ्टी बघतो. कोणता माल कोणत्या मालाशेजारी ठेवायचा नाही, हे ठरवणं ही माझी ड्युटी. फिनेल बिस्किटांच्या वर चढवायचं नाही, बॅटऱ्या पत्र्याला टेकवायच्या नाहीत, असली कामं. हिरवा स्टिकर म्हणजे कुठेही ठेवा. लाल म्हणजे वेगळा कोपरा. नऊ वर्षांत माझ्या हातून एक खोका चुकीच्या जागी गेलेला नाही, आणि हे मी इतक्यांदा सांगितलंय की ऋतिका, माझी बायको, वाक्य माझ्याआधी पूर्ण करते.

आम्हाला मुलगी झाली, उन्नती. तिच्याआधी दोन वेळा आम्ही दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आलो होतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी ताकाचं भांडंसुद्धा तपासायला लागलो होतो. पाळण्याचे खिळे, भिंतीचा रंग, खुळखुळ्याचं प्लास्टिक, सगळ्यावरून माझी नजर दोनदा फिरली. ऋतिका हसायची, पण थांबवायची नाही. तिलाही तेच हवं होतं.

आमचं घर भिवंडीत, धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. बाळाच्या खोलीची खिडकी मागच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यावर उघडते. खटॅक-खट, खटॅक-खट, दिवस-रात्र. पाहुणे कानात बोटं घालतात, आम्हाला ऐकूच येत नाही. ऐकू येतं ते शुक्रवारी, लूम बंद असतात तेव्हा. त्या दिवशी घर एकदम मोठं वाटतं आणि फ्रिजचा आवाजही दचकवतो.

उन्नती पाच महिन्यांची झाली तेव्हा ऋतिका म्हणाली, "हिला डोळे उघडल्यावर ग्रिल आणि पत्रे दिसतात. काहीतरी हिरवं ठेवू या खोलीत."

"ठेवू या," मी म्हणालो. "पण यादी करून."

"वाटलंच मला," ती म्हणाली.

२

यादी केली. दोन रात्री मोबाईलवर वाचून वहीच्या पानाचे दोन भाग केले. लहान मूल दिसेल ते तोंडात घालतं, त्यामुळे माझी कसोटी एकच होती: चावलं तरी चालेल का? डाव्या बाजूला चालणारी झाडं, उजवीकडे न चालणारी. घरातला मनीप्लँट उजवीकडे गेला. लग्नात मिळालेला स्नेक प्लँटही गेला. दोघांना लाल स्टिकर लावून मी त्यांना जिन्यात नेऊन ठेवलं.

मग माझं लक्ष दारावर गेलं.

बाळाच्या पाचवीला माझी आत्या, गुणाबाई, पूर्ण्याहून आली होती. येताना तिने शेराच्या दोन फांद्या आणल्या होत्या. शेतांच्या कुंपणाला लावतात तो शेर, पानं नसलेला, नुसत्या हिरव्या काड्यांचा. मोडला की पांढरा चीक गळतो. एक फांदी तिने खोलीच्या दारावर बांधली, एक खिडकीवर, आणि हात लावायचा नाही असं सांगून ती जेवायला बसली. पाच महिने झाले तरी काड्या हिरव्याच होत्या. मोबाईलवर शेराबद्दल वाचलं. चीक कातडीला लागला तर फोड. तोंडात गेला तर घसा सुजतो. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. यादीत त्याच्यासमोर मी तीन लाल ठिपके काढले. असा माल माझ्या मुलीच्या डोक्यावर पाच महिने टांगलेला होता, आणि मी जगाला सेफ्टी शिकवत होतो.

हातमोजे घालून दोन्ही फांद्या उतरवल्या, पिशवीत बांधल्या आणि सकाळी घंटागाडीत टाकल्या. आत्याला फोन करून सांगितलं, कारण मागाहून कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

"कनाला काढलंस?" तिने विचारलं.

"विषारी असतं ते, आत्या."

"म्हनून तं बांधलं व्हतं."

मी तिला कातडी, घसा, डोळा असं सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"तुजी पोर हाय," ती म्हणाली. "तू बग."

झाडं आणायला काल्हेर रस्त्यावरच्या नर्सरीत गेलो. मालक काळूराम, खांद्यावर टॉवेल, तोंडात तंबाखू. मी त्याला यादी दाखवली.

"बाळाच्या खोलीत ठेवायचीत. चावलं तरी चालेल अशी द्या."

"चावनार कोन?"

"बाळ."

"दात आलं त्याला?"

"अजून नाही."

"मंग चावनार कोन?" असं म्हणून तो स्वतःच हसला. मी सांगितलेली चार झाडं त्याने पुढे काढली: स्पायडर प्लँट, अरेका पाम, कॅलाथिया आणि बोस्टन फर्न. फर्न म्हणजे आपलं नेचंच, कुंडीत बसवलेलं. पैसे घेताना त्याने नर्सरीच्या कडेला हात केला. तिथे शेराचं कुंपण होतं.

"त्या बग. त्याला ढोर तोंड लावत न्हाय, म्हनून भायेर लावलाय. तू न्हेतंस ती समदी चाऱ्याची हायेत. घरात बकरी न्हाय ना?"

"तिसऱ्या मजल्यावर कसली बकरी," मी म्हणालो. चारही कुंड्यांना हिरवे स्टिकर लावूनच मी रिक्षात बसलो.

३

खोली छान दिसायला लागली, हे मान्य करायला हवं. स्पायडर प्लँट खिडकीपाशी टांगला. पाम कपाटाच्या बाजूच्या कोपऱ्यात उभा केला, तो माझ्या खांद्याच्या वर जात होता. कॅलाथिया फळीवर ठेवला. फर्न पाळण्याच्या पायथ्याशी स्टुलावर. उन्नती पाळण्यात पडल्या पडल्या फर्नकडे बघून पाय झाडायची. तिच्या डोळ्यांत हिरवं दिसायचं आणि मला भरून यायचं, उगीच का खोटं बोलू.

कारखान्यातून कापसाची बारीक धूळ उडते, ती जाळीतूनही आत येते. म्हणून रोज सकाळी ड्युटीला जायच्या आधी मी ओल्या फडक्याने पानं पुसायचो, एक एक करून. ऋतिका म्हणायची, इतकं प्रेमाने कधी माझे पाय चेपले नाहीस.

अकराव्या सकाळी स्पायडर प्लँटच्या एका पानावर मला खूण दिसली.

पान फाटलं नव्हतं. टोकापासून बोटभर आत दोन छोट्या ओळी उमटल्या होत्या, एक वरून आणि एक खालून. दातांच्या. पोळीचा घास तोंडात घेऊन नको म्हणून सोडून द्यावा, तशा. मी फडकं धरून उभा राहिलो आणि पहिल्यांदा मला काय आठवलं तर काळूरामचा प्रश्न. मग मला स्वतःचंच हसू आलं. उंदीर, मी ठरवलं. भिवंडीत उंदराला काय तोटा?

दुसऱ्या दिवशी ते पान अर्धं नव्हतं. कडा ओली होती.

चौथ्या दिवशी टांगलेल्या कुंडीत फक्त बुडखे राहिले होते, आणि फळीवरच्या कॅलाथियाच्या सगळ्यात मोठ्या पानावर दोन छोट्या ओळी उमटल्या होत्या. आज खूण, उद्या पान. हा क्रम माझ्या लक्षात आला, कारण क्रम लक्षात ठेवण्याचाच मला पगार मिळतो.

४

मी काय काय केलं ते सांगतो. माणूस घाबरण्याआधी किती कामं करतो ते कळेल.

उंदराचे चिकट पॅड आणून चारही कोपऱ्यांत लावले. त्यांना दोन माश्या आणि माझी चप्पल चिकटली. खिडकीची जाळी बदलली. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती, तिच्यात टॉर्च मारून पाहिलं. जळमटं होती आणि एक जुना कंगवा. कपाट हलवायला गेलो तर हललं नाही. ते भिंतीत ठोकलेलं आहे, मीच ठोकून घेतलं होतं, बाळाच्या अंगावर पडू नये म्हणून.

उन्नतीच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. मऊ, गुळगुळीत. ती माझं बोट चोखायला लागली. मला माझीच लाज वाटली.

मग ऋतिका. हे सांगायला जड जातं. ती पोटुशी असताना खडू खायची, लपवून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तेव्हा थांबलं होतं. संध्याकाळी ती वरणाला फोडणी देत होती तेव्हा मी मागे जाऊन विचारलं, "तुला अजून तसं काही खावंसं वाटतं का?"

"तसं म्हणजे?"

"खडू. किंवा पानं वगैरे."

तिने गॅस बंद केला. "तुला वाटतं मी मुलीच्या खोलीतली झाडं खाते?"

"मी फक्त विचारलं."

"तू काही फक्त विचारत नाहीस," ती म्हणाली. "तू आधी ठरवतोस, मग विचारतोस." त्या रात्री आम्ही तिघं आमच्या खोलीत झोपलो, पण ती भिंतीकडे तोंड करून.

मग मी परीक्षा घेतली. जिन्यातला मनीप्लँट आत आणून कॅलाथियाला खेटून ठेवला. सकाळी कॅलाथियाची तीन पानं गेलेली, मनीप्लँटला धक्का नाही. स्टिकर बदलले, मनीप्लँटला हिरवा, पामला लाल. पुढच्या सकाळी कॅलाथियाचं शेवटचं पान गेलं आणि पामवर खूण उमटली. म्हणजे जे कोणी होतं ते माझे स्टिकर वाचत नव्हतं. तरीही त्याची यादी माझ्या यादीशी तंतोतंत जुळत होती.

आणि पामवरची ती खूण माझ्या डोळ्यांच्या उंचीला होती. खाली चढायला काही नव्हतं, आणि तो दांडा मांजराचंही वजन पेलणार नाही इतका लवचिक. उंदराचा विचार मी तिथेच सोडला, आणि त्या जागी दुसरं काय ठेवायचं ते मला सुचेना.

५

त्या आठवड्यात शुक्रवार आला. माझीही सुट्टी शुक्रवारीच असते. लूम बंद होते. जेवणं झाली होती, उन्नती माझ्या मांडीवर जागी होती आणि मी हॉलमध्ये पेपर चाळत होतो.

आवाज आला तेव्हा मला वाटलं, ऋतिका काकडी खातेय. दाताखाली काहीतरी रसाळ मोडल्याचा आवाज. मग चघळणं. थांबणं. पुन्हा मोडणं. खाणाऱ्याला काही घाई नव्हती.

"मलाही दे की थोडी," मी ओरडलो.

"काय?" ऋतिका बाल्कनीतून म्हणाली. ती कपडे वाळत घालत होती.

आवाज खोलीतून येत होता. मी उन्नतीला ऋतिकाकडे दिलं आणि दाराशी गेलो. आत दुपारचं ऊन लख्ख पडलं होतं. पाळणा रिकामा. पामची एक पाती नुकतीच मोडलेली, आणि मोडल्या जागी पाणी चमकत होतं. बाकी काही नाही. मी दहा मिनिटं उभा राहिलो. मी बघत असताना काही हललं नाही. दार ओढून घेतलं आणि पाठ वळवली, तर पुन्हा चघळणं.

तेव्हा मला कळलं की हे रोज होत असणार. इतर दिवशी लूम चालू असतात म्हणून आम्हाला ऐकू येत नव्हतं. सहा दिवस त्या खटॅक-खटमध्ये माझी मुलगी दुपारची त्या खोलीत एकटी झोपायची आणि आम्ही म्हणायचो, किती गुणी पोर, रडत नाही.

ऋतिकाला मी बोलावलं नव्हतं, तरी ती मागे येऊन उभी होती. तिनेही ऐकलं.

"उंदीर?" तिने हळूच विचारलं. उंदीर नाही हे तिला माहीत होतं. तिला माझ्या तोंडून हो ऐकायचं होतं.

"असेल," मी म्हणालो.

६

पुढचा आठवडाभर खोली बंद ठेवली. बुधवारपर्यंत पाम संपला. गुरुवारी सकाळी फर्नवर खूण दिसली.

आत्याला फोन करावा असं दहा वेळा मनात आलं. पण तिला कातडी, घसा, डोळा शिकवून झालं होतं, आता कोणत्या तोंडाने विचारणार? त्या दिवशी ड्युटीवर असताना गोदामाच्या मागे गेलो. तिथे आमच्याच जुन्या शेताचं कुंपण अजून चार हात उरलंय. शेर जसाच्या तसा उभा आहे, त्याला गोदामवाल्यांनी तोडलं नाही आणि ढोरांनी खाल्लं नाही. दोन फांद्या कापल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि घरी आणल्या. आत्याने बांधल्या होत्या तशाच बांधल्या, एक खिडकीवर, एक दारावर. ऋतिका स्टूल धरून उभी होती. तिने यादीचा विषयही काढला नाही.

शुक्रवारी सकाळी फर्न जशीच्या तशी होती. खूण होती, पण एक पान कमी नव्हतं. आज खूण, उद्या पान, हा क्रम पहिल्यांदा मोडला होता. मी फर्नसमोर उकिडवा बसलो आणि मला रडू आलं. जमलं होतं. चुकीचा माल चुकीच्या जागी होता, मी तो योग्य जागी ठेवला, इतकंच.

दुपारी उन्नतीला झोप येत होती. आठवडाभर गादीवर झोपून ती किरकिरी झाली होती. "पाळण्यात टाकू का?" मी विचारलं. ऋतिकाने माझ्याकडे बघितलं.

"नक्की?" तिने विचारलं.

"सगळं बांधलंय," मी म्हणालो. हे वाक्य माझं आहे. कोणी दुसऱ्याने म्हटलेलं नाही.

मीच तिला पाळण्यात ठेवलं, मीच दोरी ओढली. ती झोपल्यावर दार उघडं ठेवून हॉलमध्ये बसलो. ऋतिका मेथी निवडत होती. बाहेर लूम बंद, गल्लीत कोणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं.

अर्ध्या तासाने चघळणं ऐकू आलं.

मी आत गेलो तेव्हा उन्नती जागी होती. ती हसत होती, पण माझ्याकडे बघून नाही. ती कपाटाकडे बघत होती. स्टुलावरच्या कुंडीत फर्नचे काळे बुडखे उरले होते, इतक्या वेळात सगळी फर्न संपली होती. फक्त शेवटची लांब दांडी शिल्लक होती. ती जमिनीवरून कपाटामागच्या त्या दोन बोटांच्या फटीत हळूहळू आत जात होती. पोर शेवई ओठांनी ओढतं ना, तशी. पानं कडेला अडकली, थांबली, मग दुमडून आत गेली. फटीत मला काहीतरी ओलं दिसलं. ते दातांइतकंच लहान होतं आणि माझ्या खांद्याच्या उंचीला होतं. याहून जास्त मी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तर सांगितलं नसतं.

मी उन्नतीला उचललं आणि दाराकडे वळलो.

दारावरची फांदी कालच कापलेली होती. कापल्या जागेतून चीक टपकत होता. माझ्या डोळ्यांसमोर एक थेंब चौकटीवरून सुटला आणि उंबऱ्यावर पडला. उन्नतीचे डोळे उघडे होते, ती वर बघत होती. कातडी, घसा, डोळा. तीन लाल ठिपके. हे सगळं माझ्या डोक्यातून जायला एक क्षणही लागला नाही, इतकी मला सवय आहे. तिला एका हाताने छातीशी धरलं, दुसऱ्या हाताने फांदी खिळ्यावरून उतरवली, लांब धरली, आणि मुलीला सांभाळून बाहेर आणलं. तिला ऋतिकाच्या मांडीवर दिलं. मग परत जाऊन फांदी होती तिथे टांगली आणि दार ओढून कडी घातली.

७

मग मात्र आत्याला फोन लावला. लाज वगैरे संपली होती. खुणा, आवाज, शेर, फट, सगळं मी तिला सांगितलं.

"तू शेर बांधलास तवा त्या भायेर व्हता का आत?" तिने विचारलं.

हा प्रश्न मला पडलाच नव्हता. गोदामात कुलूप लावण्याआधी आत कोणी राहिलंय का ते बघतात, हे मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवतो.

"आत व्हता," मी शेवटी म्हणालो. घाबरलो की माझी भाषा आपोआप गावाकडे वळते.

"बरं. मंग आतच राहील. पोर भायेर हाय ना? झालं तर." तिने सुस्कारा सोडला. "पोरीला घेऊन निंगताना शेर तसाच ठेवलंस ना? त्याच्या खालशी आलास ना?"

मी ऋतिकाकडे बघितलं. ती उन्नतीला थोपटत होती.

"प्रितेश," आत्या म्हणाली. "मना सांग. शेर काढलंस का?"

"चीक टपकत होता," मी म्हणालो. "तिच्या डोळ्यात गेला असता."

आत्या म्हणाली, "आता घराला बांधून काय उपेग न्हाय, बाला," आणि फोन ठेवला. मी परत लावला. तिने उचलला नाही.

संध्याकाळचे सहा वाजलेत. ऋतिका तिच्या आईकडे कल्याणला जायचं म्हणतेय, बॅग भरतेय. बाल्कनीतल्या तुळशीची पानं मी तपासली. एकेक. काही नाही. कढीपत्त्याचं झाड तपासलं. काही नाही. सिंकमध्ये निवडलेली मेथी पडली आहे, तिलाही कोणी तोंड लावलेलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. कदाचित ते आतच असेल, कदाचित फांदी खाली होती तेवढ्या वेळात ते फटीतच बसून राहिलं असेल. मी दाराला कान लावून ऐकलं. आत काहीच वाजत नव्हतं. पण आत खाण्यासारखंही काही उरलेलं नव्हतं, त्यामुळे यावरून काय समजायचं ते मला ठरवता येईना.

मग उन्नतीचं दुपटं बदलायला घेतलं, तेव्हा तिच्या डाव्या टाचेवर मला खूण दिसली. कातडी फाटलेली नाही. ती रडतही नाही. छोट्या दोन ओळी, एक वरून आणि एक खालून. चव बघून सोडल्यासारख्या.

मी तिला मोजे घातले.

"एवढ्या उकाड्यात मोजे?" ऋतिकाने आतून डोकावून विचारलं.

"असू दे," मी म्हणालो.

आज खूण आहे. उद्या शनिवार. सकाळी सात वाजता मागचे लूम सुरू होतील आणि इथे मला काही उपयोगाचं ऐकू येणार नाही, कल्याणला नेलं तरी खूण तिच्यासोबतच जाईल. माझी यादी अजून फ्रिजवर चिकटवलेली आहे. डावीकडे चार नावं, चारही संपली. चावलं तरी चालेल असं या घरात आता काय उरलंय, ते मला लिहून बघायची गरज नाही.

यादीची उजवी बाजू मी परत परत वाचतोय. चीक कातडीला लागला तर फोड येतात. टाचेची कातडी जाड असते. थोडासाच, बोटाच्या टोकाने लावायचा. ती पाय तोंडात घालते, मोजा घट्ट बांधला तर घालता येणार नाही. हात धुवायचे, तीनदा. डोळ्यांपासून लांब. मी हे ड्युटीवरच्या सूचनांसारखं मनात म्हणतोय आणि माझे हात थांबत नाहीयेत.

दारावरची फांदी उतरवून मी वर्तमानपत्रावर ठेवली आहे. उन्नती मांडीवर पडून माझ्या नाकाकडे हात नेतेय. आत ऋतिकाने बॅगेची चेन ओढली.

"काय करतोयस रे?" तिने विचारलं.

मी उन्नतीचा डावा मोजा काढला आणि काडी मोडली.